दारांचं टेबल

२०२२ सालच्या फेब्रुवारीत, अमिरातीत फुजैराजवळच्या खजुराच्या बागेतल्या भाड्याच्या घरात, सुजीतने शेवटच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि अंगणात आणून ठेवलं. ओल्गाने ओल्या फडक्याने ते पुसलं.

“इथे कुणाचीच खोली बंद नाही, आंटी. सगळं सगळ्यांचं. एसीसुद्धा नको,” तो म्हणाला.

“आणि उन्हाळ्यात रे?”

“घामही सगळ्यांचा, मम्मी,” सिप्रियन, तिचा मुलगा, म्हणाला.

दारं विटांवर जोडून लांबलचक टेबल झालं. सुजीत, सिप्रियन आणि त्यांची मैत्रीण अनुपमा दिवसभर लॅपटॉपवर नोकरी करत. संध्याकाळी अनुपमा गुणगुणत वाढायची, वर झावळ्या सळसळायच्या. कुलपांच्या भोकांत ओल्गा मोगरा खोचायची. वसईत नवरा, ॲरॉन, वारल्यापासून ती ओट्याशी उभ्यानेच जेवत होती. इथे ती बसून जेवू लागली.

जूनमध्ये रोज दुपारी तासभर एकेकट्याने मौन पाळायचं ठरलं. सगळे झाडांखाली पांगत. झावळ्या गोळा करताना ओल्गाला टाकीमागे अनुपमाची गाडी दिसली. इंजिन चालू, काचा वर, आत अनुपमा डोळे मिटून पडलेली.

“सांगू नका हं, आंटी. त्यांना जमतं, मलाच जमत नाही.”

भिंतीपलीकडे सुजीतची गाडी अशीच घुमत होती. फाटकाबाहेर सिप्रियनची. दोघांनीही तेच विनवलं. ओल्गाने कुणाचं कुणाला सांगितलं नाही.

एका संध्याकाळी अनुपमाने ताट सरकवलं. “मी जाते. मी इथे राहायच्या लायकीची नाही.”

ओल्गाचा घास हातातच राहिला.

“अगं बाय, लायक कोण आहे? हा भिंतीपलीकडे असतो, तो फाटकाबाहेर. सगळेच गाडीत एसी लावून!”

मग अनुपमा डोळ्यांत पाणी येईतो हसली.

“मम्मी, तू तर पोलिसात हवी होतीस!”

“यल्ला, चला, एसीच घेऊ!” सुजीत म्हणाला.

एसी बसवून झाल्यावर मेकॅनिक अक्रमने रिकाम्या चौकटींकडे पाहिलं. “दरवाज़ा किधर है, भाई? ठंडक रुकेगी कैसे?”

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. ओल्गाने भोकांतला मोगरा एकेक करून काढला.

त्या रात्री जो तो आपल्या खोलीत जेवला. अंगणात विटा उरल्या.

सुजीत आता दुबईत जबल अलीच्या ऑफिसात आहे. अनुपमा पुण्याला परतली. दिवाळीला फोन करते. सिप्रियनने ॲशलेशी लग्न करून दुबईतच ऊद मेथाला फ्लॅट घेतला. ओल्गा त्यांच्याकडेच असते. तिथे प्रत्येक खोलीला एसी आहे आणि प्रत्येक दार बंद.

अधूनमधून संध्याकाळी ओल्गा स्वयंपाकघरातला मेन स्विच हळूच खाली करते. घरघर थांबते. थोड्या वेळाने दारं उघडतात.

“मम्मी, परत ट्रिप झालं?”

“झालं वाटतं,” ती म्हणते, आणि मेणबत्तीच्या उजेडात ताटं मांडू लागते.