ओठांवरचं गाव

योगराजची नोकरी हातातोंडाशी येऊन अडली होती ती एका गावाच्या नावापायी. पोलंडमधल्या कापड कारखान्याने व्हिडिओ कॉलवरच्या मुलाखतीत साधाच प्रश्न विचारला होता : तुम्ही कुठल्या शहरात येणार? सुरतजवळच्या कडोदऱ्यात अठरा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा हा पठ्ठ्या नेमका तिथेच ततपप करू लागला. आपण कुठे चाललोय हेच ज्याला सांगता येत नाही त्याला बोलवायचं कसं, असं तिकडच्यांना वाटलं तर त्यांचं तरी काय चुकलं? पण माणसं भली. आणखी एकदा बघू म्हणाली, शेवटचं.

घोळ असा होता. शहराचं नाव कागदावर Lodz असं लिहिलेलं. इंग्रजीचा क्लास घेणाऱ्या धर्मेंद्र सरांनी त्याच्याकडून ‘लॉड्झ’ घोटवून घेतलं होतं. बायकोने, जयश्रीने, मोबाइलवर तिथल्याच एका बाईचा व्हिडिओ शोधला, तर ती म्हणे ‘वूच’!

“मुलाखत इंग्रजीत आहे ना? मग इंग्रज म्हणतात तसंच म्हणायचं,” सर म्हणाले. “आपल्या सुरतला ते काय वाट्टेल ते म्हणतात, आपण कधी भांडायला गेलो?”

“ज्यासनं गाव शे त्यासले इचारा ना,” योगराजची आई, मंगलाबाई, अहिराणीत फटकारायची. “माले कोनी भलत्याच नावघाई हाक मारी, तं मी ओ बी देत नही.”

योगराजला दोघांचंही पटायचं, आणि तिथेच पंचाईत व्हायची. जेवताना लॉड्झ, आंघोळ करताना वूच, आणि झोपेपर्यंत दोन्ही गायब.

नोकरी त्याला जिवाच्या आकांताने हवी होती. बारा तास लूमपाशी उभं राहून त्याचे कान निकामी होत चालले होते. जयश्रीचं बोलणं हल्ली अर्धंमुर्धंच पोचायचं. तिकडे आठ तासांची पाळी होती, कानाला बोळे देत होते आणि वर्षभराने बायकोलाही नेता येणार होतं. तिचा आवाज ऐकू येतोय तोवर त्याला इथून निघायचं होतं.

दुसऱ्या मुलाखतीत त्यांना त्याचं काम बघायचं होतं. कारखान्याच्या शेठने एक लूम दाखवायला दिला, पण बाकीचे चाळीस काही बंद केले नाहीत. जयश्रीने फोन धरला. शेजारी धर्मेंद्र सर, आणि पडद्यावर पिकल्या केसांच्या सुपरवायझर बोझेनाबाई.

योगराजने ताण्याचे तुटलेले उभे धागे सांधले, लूम सुरू केला. हात बोलत होते तोवर सगळं झकास चाललं. मग बाईंनी काहीतरी विचारलं. खडखडाटात कुणालाच ऐकू आलं नाही. पण योगराजने त्यांच्या ओठांकडे बघितलं, किती वर्षं काम केलं असं विचारत होत्या, आणि त्याने उत्तर देऊन टाकलं. कारखान्यात देतात तसं : आवाज न काढता, तोंड भलं मोठं करून, एकेक शब्द ओठांनी घडवत. लूमपुढे घसा फोडून काय उपयोग? इथे ‘चहा आला’पासून ‘मुलगी झाली’पर्यंत सगळं असंच सांगतात.

सरांनी कपाळावर हात मारला. “अरे, आवाज काढ! मुका समजतील तुला!” तेही योगराजने सरांच्या ओठांवरूनच वाचलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. गेली नोकरी!

बोझेनाबाई मात्र पडद्याजवळ वाकल्या. टक लावून बघत राहिल्या. मग त्यांनीही तोंड मोठं केलं आणि सावकाश, बिनआवाजी विचारलं : कुठलं शहर?

योगराजला लॉड्झ आठवेना, वूच आठवेना. खोटं कशाला बोला? त्याने नकारार्थी मान हलवली आणि हाताने खूण केली : तुम्हीच सांगा.

बाईंनी सांगितलं. गरम चहावर फुंकर घालावी तसे ओठ गोल पुढे आले, मग दात दातांवर टेकले. योगराजने तसंच केलं. बाईंनी नाही अशी मान हलवली, पुन्हा दाखवलं. तिसऱ्या खेपेला त्या हसल्या, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

सरांनी घाईघाईने सगळ्यांना बाहेर गल्लीत आणलं आणि फोनवर इंग्रजीत माफी मागायला सुरुवात केली. पलीकडून उत्तर येत गेलं तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

“माफी कसली मागता, म्हणतात,” सर हळूच म्हणाले. “इंग्रजीत नाव कसंही घेतलं तरी चालेल, तिथे सगळेच चुकतात. बाई स्वतः वीस वर्षं लूमवर होत्या. जुनी गिरणी बंद पडली तेव्हापासून त्यांच्याशी असं नुसत्या ओठांनी कुणी बोललंच नव्हतं, म्हणतात.”

“आणि नोकरीचं?” जयश्रीने विचारलं.

सर पुन्हा फोनकडे वळले, पण त्यांनी विचारायच्या आत योगराजने बाईंच्या ओठांवर वाचलं होतं.

“ये म्हणी राहिनी ती!” तो आईच्या अहिराणीतच ओरडला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा. “जयश्री, ये म्हणी राहिनी माले!”