दैवशालेच्या जागी

"तोंड बघितल्याबिगर हजेरी मांडायची न्हाई, ताई. बाकी काहीपण चुकलं तर दुरुस्त होतं."

माझ्याआधी पगाराचं काम बघणाऱ्या इरमने काम सोपवताना मला हे सांगितलं होतं. तिचं लग्न ठरलं होतं, ती परभणीला निघाली होती, आणि मस्तगडातल्या बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत तिच्या खुर्चीवर मी बसणार होते. मी मान हलवली. पण लक्ष मोबाइलवर होतं. सासूबाईंचा फोन दोनदा येऊन गेला होता, घरी लेकीला ताप होता. शिवाय मनात आलं, बी.कॉम. झालेय, बेरीज तीनतीनदा तपासते, मला कशाला हव्यात कुणाची तोंडं?

दुकान मस्तगडात, पण बियाणं साफ करून पोती भरायचं शेड अंबड रस्त्याला. तिथला मुकादम भारत रोज हजेरीच्या पानाचा फोटो पाठवायचा. मी तो बघून संगणकात भरायचे. पगार प्रत्येकीच्या खात्यावर जायचा आणि महिनाअखेरीला भारतच सह्या घेऊन यायचा. कधी काही चुकलं नाही. तरी मला चैन नसायची. कुलूप लावल्यावर पुन्हा मागे वळून ओढून बघावं, तशी मी पाठवून झालेले आकडेही उघडून बघायचे. घरी लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायचे, श्वास चाललाय ना म्हणून.

एका महिनाअखेरीला भारत लग्नाला वाटूरला गेला होता. मालक भुजंगराव म्हणाले, "सह्या तुम्हीच घेऊन या. आन् नव्या ओळखपत्रासाठी एकेकीचा फोटो बी काढा." सासूबाईंचा गुडघा सुजलेला, म्हणून लेकीला कडेवर घेऊनच रिक्षात बसले.

शेडात शिरताच बियाण्याला लावलेल्या औषधाचा उग्र वास आला. सगळीकडे गुलाबी भुकटी. मी लेकीच्या नाकावर ओढणी धरली.

"मॅडम आल्या गं!" तुळजाबाई ओरडली. ही शेडातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तोंडाळ. "आन् ही बारकी मालकीण संगं! हिला बी हजेरीवर घ्या, आमच्यापरीस जास्त आवाज करून राह्यली."

मी एकेक नाव पुकारत गेले. सही, फोटो. सही, फोटो.

"दैवशाला."

कुणी उठलं नाही. मग कुठूनतरी फिस्सकन हसू फुटलं.

"अगं ए सूनबाई!" तुळजाबाई म्हणाली. "ऊठ की. तुलाच बलावून राह्यलेत."

भिंतीकडची एक बाई उठली. पन्नाशीच्या पुढची, रुमालाखालून पांढरे केस डोकावणारी, उजवा हात पदराआड.

"तुम्ही दैवशाला?"

"व्हय."

"वय काय तुमचं?"

तिने जरा विचार केला. "चोवीस."

शेड हसून हसून लोटपोट झालं. ती स्वतःही हसली, दात लपवत. "चोवीसची तर आता माझी धाकली लेक बी न्हाई, नंदे," तुळजाबाई डोळे पुसत म्हणाली, "जरा बेतानं सांगावं."

मला हसू आलं नाही.

"खरं सांगा. कोण तुम्ही?"

"नंदाबाई. दैवशाला माझी सून." तिचा आवाज खाली आला. "सातवा लागल्यापून तिला पोतं उचलंना. भारत म्हणला, जागा रिकामी ठेवली की दुसरी बाई घेत्यात. मंग म्याच येऊ लागले. घरी ती मला आत्याबाई म्हणती, हितं म्याच दैवशाला. आता नात झाली, सव्वा महिना बी झाला. ती उठली की म्या बसते घरी."

"अहो, पण तिला घरी बसून पैसे मिळाले असते!" मी जवळजवळ ओरडलेच. "दर महिन्याला तिच्या पगारातून विम्याचे पैसे कापतो ना आपण? त्यात बाळंतपणाची रजा असते, पगाराइतके पैसे देतात."

हसू कुठल्या कुठे गेलं.

"ह्ये आम्हाला कुणी सांगितलं न्हाई," नंदाबाई म्हणाली.

कोण सांगणार होतं? संभाजीनगरच्या कंपनीत असताना मी स्वतः तीच रजा घेतली होती, अर्ज नीट वाचून, दोनदा तपासून. इथे पोटुशी कोण, बाळंत कोण, मला ठाऊकच नव्हतं. उलट दैवशाला घरी असताना ती रोज कामावर आहे, असं मीच महिनोन्महिने भरून पाठवलं होतं. विमा कार्यालय आता म्हणणार, बाई तर कामावर होती, रजा कसली?

सहीसाठी तिने डाव्या हाताने पेन घेतलं. ते धड धरता येईना. मग उजवा हात पदरातून बाहेर आला. अंगठ्याशेजारच्या बोटावर चिंधी.

"हे काय?"

"सुई घुसल्ती. पोतं शिवायच्या मशीनची. मागल्या बाजाराच्या आदल्या दिशी."

"दवाखाना?"

"विम्याचं कारड दैवशालेचं, त्याच्यावर तिचं तोंड. म्या गेले आन् कुणी वळखलं, न्हाईतर सरकारी दवाखान्यात कुठं लागलं म्हणून इचारलं, तर तिची जागा जाईल. हळद लावली की."

मी चिंधी सोडली. लेकीने वास येताच माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. बोट काळसर पडलं होतं, सूज मनगटाकडे सरकली होती. तळव्याला हात लावला तर भाजत होता. ताप मला हाताने कळतो.

भुजंगरावांना फोन करून सगळं सांगितलं.

"मंग दैवशाला म्हणूनच न्या विम्याच्या दवाखान्यात," ते म्हणाले. "फोटोकडं कोण बघून राह्यलंय? उगं बोभाटा नको. चौकशी लागली तर सगळ्यांनाच जड जाईल."

"साहेब, ही चोवीसची दिसत नाही."

"मॅडम, तुम्ही पगाराचं बघा. दवाखान्याचं नका बघू."

"पगाराचंच बघतेय. हजेरी चुकलीय आपली. भरली मीच."

मी फोन ठेवला. नोकरी गेली तर काय, हे तेव्हा सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर सुचलं.

सरकारी दवाखान्यापर्यंत नंदाबाई एकच विचारत होती, "जागा ऱ्हाईल ना हो तिची?" मला हो म्हणवेना. लेक तिच्या बांगड्यांशी खेळत होती आणि ती दुखरा हात उंच धरून बसली होती, पोरीचा धक्का लागू नये म्हणून.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"दैवशाला," ती सवयीने म्हणाली.

"नंदाबाई," मी म्हणाले. "नंदाबाई लिहा."

तिने माझा दंड घट्ट धरला.

"एक काय ते सांगा, ताई. मागं लाईन हाये."

नंदाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. दंडावरची पकड सैल झाली.

"नंदाबाई," ती म्हणाली. सावकाश, जसं काही दुसऱ्याच कुणाची ओळख करून देत होती.

बोटाचं वरचं पेर काढावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. भुजंगराव बरेच दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एका दुपारी मी लिहून ठेवलेल्या हजेरीच्या दुरुस्तीच्या अर्जावर सही करून तो कागद माझ्या टेबलावर सरकवला आणि निघून गेले. विमा कार्यालयातून अजून उत्तर आलेलं नाही. दैवशालेची जागा आहे, आणि नंदाबाईलाही वेगळी जागा दिली, तिच्या नावाने, तिच्या विम्यासकट. पण बाळंतपणाचे पैसे मिळतील की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. रोज टपाल बघते.

आता सकाळी आधी शेडावर जाते. नाव पुकारते, तोंड बघते, मग मांडते. तुळजाबाई म्हणते, "मॅडम, आमची थोबाडं बघून दिवस कसा जातो तुमचा?"

महिनाअखेरीला नंदाबाई सहीला आली. मधल्या बोटावर पेन टेकवून तिने झरझर लिहिलं आणि थबकली. कागदावर दैवशाला लिहिलेलं होतं.

"अगं बया. मला ह्येच येतं. सहीपुरतं सुनेनं शिकवलं." मग हळूच म्हणाली, "माझं कसं लिव्हत्यात? दावा की."

मी ते खोडलं आणि बियाण्याच्या कोऱ्या पाकिटावर तिचं नाव लिहून दिलं. ती खाली बसली, पाकीट गुडघ्यावर ठेवलं, आणि जीभ दातात धरून एकेक अक्षर सहीच्या कागदावर उतरवू लागली. नाव चौकटीत मावलं नाही, शेजारच्या रकान्यात गेलं. मी ते तसंच राहू दिलं.

तुमच्या दुकानात, कारखान्यात, घरीसुद्धा, कुणीतरी कुणाच्या तरी जागी येत असेल. उद्या सकाळी तिला तिचं नाव विचारा. आणि हात पदराआड असेल, तर तो बाहेर काढायला सांगा.