शून्याचा रुमाल

उत्तर चुकते आणि ते चुकल्याचे अद्याप कुणाच्या ध्यानी आलेले नसते, तेव्हा शिकवणाऱ्याचे शील कसाला लागते. चूक झाकावी, की सर्वांसमक्ष तिचा माग काढावा? उस्मानपुऱ्यातील एका शिकवणीवर्गात सुलेखापुढे तोच क्षण उभा ठाकला.

त्या दिवशी तिचा निवडीचा पाठ होता. आताशा त्याला डेमो म्हणतात. फुलंब्रीच्या या पदवीधर मुलीला गणित शिकवण्यापलीकडे कशाचीच आस नव्हती, आणि पाठ साधला तरच ही नोकरी मिळणार होती. संचालक नानासाहेब शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते.

पहिल्या बाकावर मधली जागा रिकामी होती. तिथे एक निळा रुमाल पसरलेला.

"जरा सरकून बसा ना," सुलेखा म्हणाली.

"नाय मॅडम, तनुजाची जागा हाय ती," शेजारची संस्कृती ठामपणे उत्तरली. "तिची बस लेट हाय. रुमाल टाकलाय."

"अगं, हा वर्ग आहे की एसटी?"

"एसटीत चालतंय, मग इथं काहून नाय?"

हसू आवरीत सुलेखाने फळ्यावर x³ − 7x + 6 ही बहुपदी लिहिली. तिला x − 2 ने भागायचे होते. आधी एक्सच्या जागी दोन ठेवून तिने पडताळा घेतला: आठ वजा चौदा अधिक सहा. "म्हणजे बाकी शून्यच उरणार," तिने छातीठोकपणे सांगितले.

भागाकार पायरीपायरीने खाली उतरला. बाकी उरली उणे चार.

मुले मान खाली घालून उतरवून घेत होती. पडताळा पुसून बहुपदीतल्या शेवटच्या सहाचे दहा केले असते, तर बाकी निमूट शून्य झाली असती. घाईत आकडा चुकला, एवढे म्हटले की पुरे. तिचा खडू सहापर्यंत गेला. तिथे थबकला, आणि मागे आला.

"मुलांनो, माझं चुकलंय. कुठं, ते आपण मिळून शोधू."

"मॅडम, तुमचं बी चुकतं व्हय?" अभय हरखून म्हणाला.

"लई चुकतं!" सुलेखा शहरी भाषा विसरली, आणि वर्ग खळखळून हसला.

एवढ्यात धापा टाकीत तनुजा आली. संस्कृतीने रुमाल उचलला. कुणालाही हलावे लागले नाही; तनुजा आपल्या जागी बसली. सुलेखा त्या रुमालाकडे पाहतच राहिली. मग वळून फळ्याकडे.

"अरे, एक्सचा वर्ग आज गैरहजर आहे! घनानंतर एकदम एक्स. आणि त्याची जागा मी धरलीच नाही. म्हणून वजा दोन एक्स वर्ग आला, तो सात एक्सच्या खाली जाऊन बसला. मीही त्याला एक्स समजून वजा केलं!"

"मग टाका की रुमाल!" अभय ओरडला.

तिने लिहिले: x³ + 0x² − 7x + 6. शून्याभोवती निळ्या खडूने चौकोन काढला. आता प्रत्येक पद आपापल्या जोडीदाराखाली बसले. भागाकार आला x² + 2x − 3, आणि बाकी शून्य. बाके वाजू लागली.

"काय झालं? माझ्यामुळं का?" तनुजा गोंधळून विचारीत होती.

"व्हय गं बाई, तुझ्यामुळंच!" संस्कृती म्हणाली.

नानासाहेब उठून पुढे आले. "बाई, तुमचा खडू त्या सहाकडे गेला होता. मी पाहिलं."

सुलेखाची मान खाली गेली.

"तो मागे आला, तेही पाहिलं. उद्यापासून या."

जो आलेला नाही त्याचे स्थान राखणाऱ्या त्या मुलांचे, आणि हातातला खडू मागे घेणाऱ्या त्यांच्या बाईंचे, सदैव मंगल असो.