नवारीचा पट्टा

प्रियदर्शनी दुकानात आली ती एक खोका घेऊन. खोक्यावर एका आडदांड माणसाचा फोटो. त्याच्या कमरेला काळा पट्टा, पट्ट्याला डझनभर खिसे, आणि चेहरा असा की सगळं जग त्याच्याच भरवशावर चाललंय.

"टॅक्टिकल बेल्ट म्हणतात याला, खाला," ती म्हणाली. "ऑनलाइन मागवला. पण बसून नाही राहिला."

"ह्या माणसाला बसला असेल," मी फोटोवर बोट ठेवलं. "त्याला कंबरच नाही. छातीखाली एकदम पाय."

ती हसली, पण अर्धवटच. पोरगी किनवटच्या जंगलात वनरक्षक. तिची आई पंचफुला आमच्या इतवारा बाजारातच भाजी विकते, तिच्या कमरेचा बटवा गेली वीस वर्षं माझ्याच हातचा. आमचं दुकान म्हणजे ताडपत्र्या, टेम्पोच्या सीटची कव्हरं, शाळेच्या बॅगा आणि बाजारात बसणाऱ्या बायकांचे बटवे. माझे अब्बा चांदपाशा मोठ्या मशीनवर बसायचे तेव्हा मला हात लावू द्यायचे नाहीत, बोट जाईल म्हणायचे. ते नमाजला गेले की मी लावायचे. बोटं दहाच्या दहा शाबूत आहेत, आणि मशीन आता माझं आहे.

"घाल बरं, बघू दे."

तिनं खाकीवर पट्टा बांधला. पाण्याची बाटली, टॉर्च, छोटा कोयता, वायरलेस, मलमपट्टीची डबी, सगळं अडकवलं. दुकानाच्या दारापर्यंत चालत गेली आणि परत आली, तेवढ्यात पट्टा कमरेवरून चढत बरगड्यांपर्यंत पोचला. कोयत्याची मूठ काखेत टोचायला लागली.

"बाईच्या कमरेला उतार असतो गं," मी म्हटलं. "हा पट्टा सपाट रस्त्यासाठी केलाय. परत पाठव."

"परत पाठवून काय करू? वणवा विझवायचा सराव दहा दिवसांवर आला." ती स्टुलावर बसली. मग जे सांगितलं ते तिनं आईलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या बीटमध्ये, म्हणजे तिच्या वाट्याच्या जंगलात, वणवा लागला. त्याच्या जरासं आधी ती झाडामागं गेली होती. लघवीला जायचं तर पँट सोडायची, पँट सोडायची तर पाच किलोचा पट्टा आधी काढायचा. तिनं तो पळसाच्या फांदीला लटकवला. तेवढ्यात धूर दिसला आणि ती तशीच पळाली. शिट्टी फांदीवर, वायरलेस फांदीवर. ज्ञानोबा नावाचा हंगामी मजूर दोघांना घेऊन नाल्याकडं उतरत होता आणि आग त्याच नाल्यानं वर येत होती. ही ओरडत राहिली, पण आगीच्या आवाजापुढं माणसाचा आवाज कुठं लागतो! ज्ञानोबाची पोटरी भाजली. तीन महिने त्याला नीट चालता आलं नाही.

"आमचे साहेब चांगले आहेत," ती म्हणाली. "पण त्यांनी सरळ सांगितलंय. सरावात जमलं तर आग विझवायचं पथक माझ्याकडं राहणार. नाही जमलं तर पथकातल्याच व्यंकटीकडं जाणार, आणि मी रोपवाटिकेत."

"रोपवाटिका वाईट असते का?"

"रोपं चांगली असतात खाला. पण माझं जंगल आहे ते. मला त्याच्या वाटा पाठ आहेत." मग म्हणाली, "आणि ज्ञानोबाकाका परत माझ्याच पथकात आलेत. स्वतःहून."

मी त्या महागड्या पट्ट्याच्या टोकाचा एक दोरा ओढून काढला आणि काडी लावली. कापड ओळखायची आमची हीच तऱ्हा. दोरा जळला नाही, वितळला. काळा थेंब झाला आणि फरशीवर पडून चिकटला. मग अब्बांच्या जुन्या बाजेच्या नवारीतला दोरा पेटवला. तो जळला, विझला, चिमूटभर राख झाली.

"बघ. हा नायलॉन आगीजवळ गेला तर तुझ्या कातडीला चिकटेल. आगीच्या कामाला सुती पाहिजे."

"पण सगळे हाच वापरून राहिलेत. व्यंकटीकडंपण हाच आहे."

"व्यंकटीच्या आईनं मला विचारलं असतं तर तिलाही हेच सांगितलं असतं."

चामड्याचा पोलिसी पट्टा तिनं आधीच वापरून पाहिला होता. घामानं भिजला की जड होतो, वाळला की लाकूड. म्हणून नवारच ठरली. चार बोटं रुंद जाड सुती नवार, दोन पदरी, मध्ये कॅनव्हास, शिलाईचा दोरासुद्धा सुती. बक्कल प्लास्टिकचं नको होतं. कॉलेजातल्या एनसीसीच्या पोरांचे जुने पट्टे माझ्याकडं दुरुस्तीला येऊन पडलेले होते, त्यातलं एक पितळी बक्कल घेतलं. एका हातानं निघतं, एका हातानं लागतं.

माप घ्यायला तिला उभी केली, तर ती पोट आत ओढून ताठ झाली. टेप लागला की सगळ्या बायका असंच करतात. मी म्हटलं, "लग्नाचं ब्लाउज नाही शिवायचं. उकिडवी बस."

"इथं? दुकानात?"

"जंगलात काय खुर्ची टाकून बसतेस का?"

ती बसली, आणि बसल्यावर माप तीन बोटं वाढलं. मग वाकायला लावली, एक पाय स्टुलावर ठेवायला लावला. समोरचा चपलांचा दुकानदार बघत होता. त्याला मी हात केला, म्हटलं कसरत शिकवते.

खरी गाठ होती ती झाडामागची. पट्टा काढला की सामान अंगावरून जाणार, आणि न काढता भागत नाही. यावर मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी एक पोरगं शाळेची बॅग दुरुस्तीला घेऊन आलं, दोन्ही खांद्यांवर अडकवलेली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पट्ट्याला दोन खांदपट्ट्या जोडायच्या, पुढून मागं. समोरचं बक्कल उघडलं की पट्टा खांद्यांवरून दोन्ही बाजूंना लोंबत राहील, अंगावरून जाणार नाही. आणि शिट्टी, वायरलेस कमरेला ठेवायचेच नाहीत. डाव्या खांदपट्टीवर ठेवायचे, कारण उजव्या हातात आग झोडपायची फांदी नाहीतर कोयता असतो. वजनही खांद्यांवर वाटलं जातं, म्हणजे पट्टा वर चढणार नाही.

कोयता उजव्या कुल्ह्याच्या जरा मागं. पाणी डाव्या बाजूला. पाठीच्या मणक्यावर काहीही टणक ठेवायचं नाही, घसरून पडली तर तेच मणक्यात घुसेल. तिथं फक्त मलमपट्टीची मऊ पिशवी. सगळं शिवून झालं तेव्हा पट्टा असा दिसत होता की मी स्वतःच बांधून आरशात पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, सलवार-कमीजवर कोयता. बरी दिसत होते.

सरावाच्या दिवशी मी स्वतः सकाळच्या गाडीनं किनवटला गेले. पट्टा कुरिअरनं पाठवायला माझं मन होईना.

तिच्या क्वार्टरच्या अंगणात तिनं तो चढवला. चालली, बसली, उठली, पळाली. पट्टा जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "खाला, घड्याळ लावा. शिट्टी काढते."

तिचा डावा हात खांद्यावर गेला. कप्प्याचं तोंड शोधायला लागला. झडप सापडली, तिचं टिचबटण उघडलं. खाली दुसरी झडप. तिची नाडी सोडली. मग कळलं की कप्प्याचं तोंड अंगाच्या बाजूला आहे, म्हणजे मनगट उलटं वळवल्याशिवाय बोट आत जात नाही. शिट्टी बाहेर आली तेव्हा अकरा सेकंद झाले होते. वायरलेसला चौदा.

मी घड्याळ खाली ठेवलं.

"खाला," ती हळूच म्हणाली, "हा तुम्ही आईचा बटवा शिवलाय."

खरंच होतं. वीस वर्षं मी बाजारातल्या बायकांसाठी शिवत आले. तोंड अंगाकडं, दोन झडपा, बटण आणि वर नाडी, म्हणजे गर्दीत कुणाचा हात आत जाऊ नये. हाताला तीच सवय. जंगलात कोण खिसा कापणार होतं? अस्वल?

"जंगलातली माकडं चोरतील म्हणून केलं असेल," ती म्हणाली. ती चेष्टा करत होती आणि मी घड्याळाकडं बघत होते. सराव तीन वाजता. आता साडेअकरा.

"विळी आण," मी म्हटलं. "आणि जाड सुई. टोचा माझ्याकडं आहे."

ओट्यावर बसून मी माझीच शिलाई उसवली. आधी शिट्टीचा कप्पा. तो सरळ काढूनच टाकला. शिट्टी एका छोट्या सुती दोरीनं खांदपट्टीवर उघडी बांधली, हनुवटीच्या खाली, अशी की मान वळवली तर हाताशिवायही तोंडात येईल. मग वायरलेस. त्याचा कप्पा उलटा फिरवला, तोंड वर, झडप एकच, बटण एकच. हातानं शिवायला वेळ लागतो. नवार जाड, सुई जाऊ देत नाही, दर टाक्याला टोचा मारायचा. एक वाजला, दीड वाजला. तिनं भाकरी आणि पिठलं आणून ठेवलं ते मी एका हातानं खाल्लं.

"टॉर्चचा कप्पा राहिला, काडेपेटीचा राहिला, मलमपट्टीचा राहिला," मी म्हटलं. "एवढ्यात होणार नाहीत."

तिनं पट्टा मांडीवर घेतला. मग टॉर्च काढून ओट्यावर ठेवला. काडेपेटी काढली, ती ज्ञानोबाकाकांकडं राहील म्हणाली. आणखी एक दोन गोष्टी काढल्या.

"अगं, टॉर्च तर राहू दे."

"दिवसाचा सराव आहे. गेल्या वर्षी सगळं होतं माझ्याजवळ, खाला. सगळंच फांदीवर राहिलं."

परत घड्याळ लावलं. शिट्टी एक सेकंद. वायरलेस तीन.

सराव गावाबाहेरच्या गवती पट्ट्यात होता. साहेब पन्नाशीचे, टोपी हातात, बोलणं कमी. पथकात आठ जण. ज्ञानोबा जरा लंगडत चालत होते, पण हातात पळसाची ओली फांदी अशी धरली होती की जणू लग्नातली छत्री. व्यंकटी उंच, धिप्पाड, खोक्यावरच्या माणसाचा भाऊ शोभेल असा. त्याच्या काळ्या पट्ट्याला इतकं सामान की चालताना वाजत होता.

गवताची एक पट्टी पेटवली. सगळे ओळीनं फांद्या आपटत पुढं सरकत होते, दोघं जण पाला उडवायचे ब्लोअर घेऊन. ज्ञानोबा आणि दोघं टोकाला, उताराच्या पलीकडं, दिसेनासे झाले. आणि माझं लक्ष गेलं तर प्रियदर्शनी ओळीत नव्हती. साहेबांच्या पाठीकडच्या एका झुडपामागं जाताना तिची टोपी तेवढी दिसली.

आत्ताच जायचं होतं हिला!

साहेबांनी तिला जाताना पाहिलंच नव्हतं. त्यांनी घड्याळ काढलं आणि व्यंकटीला म्हणाले, "वारा फिरला असं समजा. टोकाच्या तिघांना परत बोलवा. मॅडम कुठं आहेत?"

व्यंकटीनं खाली बघितलं, झुडपाकडं बघितलं, लाजला. "मॅडम... जरा तिकडं गेल्या, साहेब."

"मग तुम्ही बोलवा."

व्यंकटीनं पट्ट्याला हात घातला. एक कप्पा, दुसरा कप्पा. त्याच्या हातात पाण्याची बाटली आली. मग टॉर्च आला.

तेवढ्यात झुडपामागून माघारी बोलवायची शिट्टी वाजली. तीन लांब. थांबून परत तीन लांब. मग साहेबांच्या हातातला वायरलेस खरखरला आणि तिचा आवाज आला, शांत, जरा धापा टाकत, "ज्ञानोबाकाका, वारा फिरला. नाल्याकडं जाऊ नका. डाव्या हातानं वर, जाळलेल्या बाजूला या."

उतारावर एक फांदी दिसली, मग दुसरी, मग तिसरी. तिघंही वर आले, ज्ञानोबा सगळ्यात पुढं, लंगडत पण भरभर. त्यांच्या मागून झुडपातून प्रियदर्शनी आली, पट्टा खांद्यांवरून लोंबणारा, एका हातानं पितळी बक्कल लावत.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग तिच्याकडं. "तुम्ही झाडामागं होता?"

"हो साहेब." ती लाल झाली होती, पण मान वर होती. "मला तुमचं बोलणं ऐकू आलं. वणवा मला विचारून लागणार नाही. तेव्हाही मी कुठंतरी असणारच."

दोन-तीन जण हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी ज्ञानोबांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? तुमचा पाय भाजलाय."

ज्ञानोबांनी फांदी खाली ठेवली. "शिट्टी आली, आमी माघारी आलो. गेल्या साली आवाज आला नव्हता, आवंदा आला. मला येवढंच कळतंय यातलं. बाईचं पथक हाय, बाईकडंच ऱ्हाऊ द्या."

"आणि तू रे व्यंकटी?"

"मला पट्टा कुठून आणला ते तेवढं कळलं तर बरं होईल, साहेब," व्यंकटी म्हणाला. टॉर्च अजून त्याच्या हातातच होता.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पथकप्रमुखाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तिनं कागद दोनदा वाचला आणि घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी जरा बाजूला उभी होते. तिनं माझ्याकडं बघून फक्त डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं आता ही येऊन गळ्यात पडेल, तशी मी तयारीही करत होते.

पण गवताची दुसरी पट्टी अजून धुमसत होती. ती तिकडं वळली. आठ जणांची नावं घेतली, कोण कुठं उभा राहील ते सांगितलं, ज्ञानोबांना स्वतःच्या शेजारी घेतलं. पाच वाजता माझी गाडी होती आणि मला स्टेशनवर सोडायला तीच येणार असं ठरलं होतं.

"व्यंकटी," ती मागं न बघता म्हणाली, "खालाला गाडीवर स्टेशनला सोड. आणि येताना पाण्याचे कॅन भरून आण."

व्यंकटीनं मोटारसायकलची किल्ली काढली.

"बरं मॅडम," तो म्हणाला.