आठाच्या जागी चार

"चाळीस वर्षांत एकच अपघात," रालित्सा वाचू लागली, "आणि तोही एका कामगाराने दारूच्या नशेत साखळ्या सैल बांधल्यामुळे. बरोबर ना, मावशी?"

कंपनीच्या कचेरीतली ही मुलगी कंपनीचा इतिहास छापायला निघाली होती. आगगाडीचे डबे पोटात घेऊन काळा समुद्र ओलांडणाऱ्या बोटींची कंपनी. तिचा थाट काय विचारता! आता एवढं एकच पान राहिलं होतं, आणि त्या पानावरचा कामगार म्हणजे स्तानाचा नवरा, तोन्चो.

"बरोबरच आहे," कॉफी ओतत स्ताना म्हणाली. "बेवडा मेला. पोरीची शपथ घेतली होती, थेंबाला शिवणार नाही म्हणून. काय हो ब्लागोयभाऊ, तुम्ही तर सोबत होतात. सांगा की हिला."

ब्लागोय शेजारीच राहायचा. बोटीत डबे चढले की ते साखळ्यांनी जखडायचं काम त्याने आणि तोन्चोने नऊ वर्षं जोडीने केलं होतं. 'तोन्चो प्यायलेला होता' या चौकशीच्या कागदावर सही ब्लागोयचीच होती. सही केली आणि महिन्याभरात तो मुकादम झाला. त्या मुकादमकीवर त्याने पोरांची लग्नं केली आणि या बाईच्या हातचं लोणचं बावीस वर्षं निर्लज्जपणे खाल्लं. पण आता ते छापलं जाणार, कायमचं, हे मात्र त्याला सोसेना.

"प्यायलेला नव्हता तो," ब्लागोय म्हणाला.

स्तानाचा हात थांबला.

"बोटीला उशीर झाला होता. वरून हुकूम आला, डब्याला आठाच्या जागी चारच साखळ्या लावा. तोन्चो नको म्हणत होता. मीच म्हटलं, गप लाव. समुद्र खवळला, डबा सुटला, तोन्चो मध्ये सापडला. असं लिही, पोरी."

रालित्साने पेनाला टोपण लावलं. "काका, सही तुमचीच आहे. आता मी साहेबांना काय सांगू? जाऊ द्या ना, बावीस वर्षं झाली."

"बावीस वर्षं," स्ताना हळूच म्हणाली. "पितरांच्या शनिवारी सगळे आपापल्या माणसाच्या थडग्यावर वाइन ओततात. मी पाणी ओतलं. वर शिव्या घातल्या. आणि तुम्ही शेजारी टोपी काढून उभे राहायचात."



इतिहास छापून आला, गुळगुळीत कागदावर, ते वाक्य जसंच्या तसं घेऊन. कंपनीने एक प्रत स्तानाला घरपोच पाठवली.

पुढच्या पितरांच्या शनिवारी ती लाल वाइनची अख्खी बाटली घेऊन आली आणि शेवटच्या थेंबापर्यंत थडग्यावर ओतली. मग रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू वाटायला निघाली. जो हात पुढे करेल त्याच्या हातावर गहू ठेवायचे आणि त्याने मेलेल्यासाठी म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. तिने ओळखीच्यांना दिले, अनोळखी लोकांना दिले, फाटकाशी बसलेल्या भिकाऱ्यालाही दिले. ब्लागोय हात पसरून उभा होता. ती त्याच्यासमोरून पुढे गेली.