लाईट गेली तरी चालू

मित्रांनो, मी एक जुना पेसमेकर आहे. काडेपेटीएवढा. पाली गावच्या बंकटरावांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत राहतो. म्हणून गावात मला कुणीच पाहिलेलं नाही.

माझा जन्म लखलखीत कारखान्यात झाला. तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. आणि नशीब बघा, गाठ पडली ती मेंढरांच्या धुरळ्यात आयुष्य काढलेल्या माणसाशी! बंकटरावांचं हृदय कमजोर झालं होतं. जोडीतला एक बैल ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, तशा त्याच्या दोन बाजू चालत होत्या. पाय सुजायचे, घाट चढताना धाप लागायची. मेंढरं विकायची बोलणी सुरू झाली होती. डॉक्टरांनी मला बसवलं, माझ्या तारा हृदयापर्यंत नेल्या आणि मी दोन्ही बैल एका तालावर आणले. हळूहळू सूज उतरली.

पण घरी अंजनाबाई होत्या! बंकटरावांची बायको मोठी मायाळू आणि तितकीच भित्री. आम्ही घरी आलो त्याच संध्याकाळी लाईट गेली. त्या चूल सोडून धावत आल्या आणि नवऱ्याच्या छातीला कान लावला.

"अवं, लाईट गेली! मशीन बंद पडली का काय?"

"अगं येडे, ही काय परळीच्या लाईटीवर चालती व्हय? आतच बॅटरी हाय."

त्यांना पटेना. मेंढरांमागं जायला त्या परवानगीच देईनात. लाईट गेली की कान छातीला! खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

मग वादळात गावाला वीज देणारी डीपी जळाली. दुसऱ्या दिवशी लाईट नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बंकटराव मात्र ठणठणीत! शेवटी अंजनाबाईंनीच त्यांच्या हाती काठी दिली. मोबाईल माझ्यापासून लांब ठेवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बंडीचा डावा खिसा शिवून टाकत त्या म्हणाल्या, "आता जावा."

त्या दिवशी आम्ही घाट चढलो. माथ्यावर बंकटरावांनी मेंढरांना अशी हाळी दिली की माझ्या तारासुद्धा थरारल्या.

आता माझी बॅटरी उतरत आली आहे. बंकटराव तपासणी चुकवत नाहीत, म्हणून ते वेळेवर कळलं. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या छातीत माझा भाऊबंद असेल, तर त्यांना तपासणीला नेत जा. आम्हाला बोलता येत नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा येईल. अंजनाबाईंनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं आहे, "जुनी मशीन मला द्या. देव्हाऱ्यात ठेवते."

"अहो, बंद पडलेली मशीन देव्हाऱ्यात?"

"गावाची लाईट लई येळा गेली, डॉक्टरसाहेब. माझ्या घरची एकदाबी न्हाई गेली."

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. आता त्या मला पहिल्यांदाच बघणार. मला एवढीच उत्सुकता आहे, की मला हातात घेतल्यावर त्या सवयीनं कान लावतील का?