कढईवर पाय देणारा हत्ती

मी एक जुनी पितळी कढई हाय, मित्रांनो. निलंग्याच्या चंद्रप्पा हलवायाच्या घरात तीन पिढ्यांचा पाक माझ्यातच उकळला. बुडाला हा एवढा पोचा हाय. घरची सासू गंगम्मा सगळ्यांना सांगायची, निजामाच्या हत्तीनं पाय दिला, वर गोड लागली म्हणून चाटूनबी गेला. मी गप ऐकायची.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली पाण्याची लई मारामार. सांजच्याला गावात वाटायचे बत्तासे करायचं काम आमच्याकडं होतं. चंद्रप्पा सोहळ्याला लातूरला गेला, गंगम्मा मठात. पाकाचं काम पडलं कंधारहून आलेल्या नव्या सुनंवर, महानंदावर.

पोरीनं पाणी वाचवायला चार तांबे कमीच घातले. जाळ मोठा केला. गरम पाण्याचं पोट मोठं असतं बघा, ओतंल तेवढी साखर गिळत गेलं. तेवढ्यात टँकर आला. चूल विझवून ती घागर घेऊन पळाली.

रांग काही सरंना. इकडं मी गार होत गेले, तशी पाण्याला साखर पेलवंना. आधी काठाला खडे धरले, मग सगळाच दगड झाला. झारा मधी ताठ उभा.

शेजारची चतुराबाई डोकावली. "नव्या जिल्ह्याचा झेंडा रोवलास का गं?"

दुकानात दुसरी मूठभर साखर नव्हती. महानंदानं डोळे पुसले अन् बत्ता उचलला. मला वाटलं, संपलं आता. तवर मठातून परतलेली गंगम्मा दारातून बोलली,

"ठेव तो बत्ता. साखर कुटं पळाली न्हाई, गारठलीया. दोन तांबे पाणी घाल, चूल पेटव अन् हलवत ऱ्हा."

जाळ लागला. काठ सुटले, झारा कलला, हळूहळू सगळं विरघळून पाक आरशासारखा झाला. माझा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच.

"आत्याबाई, तुमाला कसं ठावं?"

चतुराबाई गेल्याची खात्री करून गंगम्मानं माझ्या पोच्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या बत्त्याचा हाय. पयलाच पाक होता. मामंजी वरडतील म्हणून हत्ती आणला."

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. दिवेलागणीला गावभर बत्तासे वाटून झाले.

तवा मित्रांनो, गारठून दगड झालेल्याला ठोकू नका. थोडं पाणी द्या, थोडी ऊब द्या. ठोकल्यावर काय होतं, ते माझ्या बुडाला विचारा.

दुसऱ्या दिवशी चतुराबाईनं महानंदाला पोच्याचं विचारलंच.

"हत्तीचा हाय," महानंदा म्हणाली. "अन् एकटा नव्हता तो. मागं पिल्लूबी होतं."